खांद्याच्या कंडरांची फाट : अकोले तालुक्यातील श्रमांच्या संदर्भात एक विवेचन

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यालगत वसलेल्या अकोले तालुक्यातील गावांत भातशेतीचे काम पावसाबरोबर सुरू होत नाही. त्याच्या कितीतरी आधी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, राबासाठी फांद्या तोडण्यापासून त्याचा प्रारंभ होतो. झाडावर चढून, किंवा खाली उभे राहून, डोक्याच्या वरच्या पातळीवरील फांद्यांवर कोयता चालवावयाचा. तोडलेल्या फांद्यांचे भारे बांधून डोक्यावरून खाचरापर्यंत आणावयाचे. ते पसरून रोपांची जागा भाजावयाची. पुढे हिरड्याचा हंगाम येतो. तेव्हा फांद्यांवर काठीने झोडून फळे पाडावी लागतात. दिवाळीच्या सुमारास कापलेल्या भाताच्या पेंढ्या खांद्याच्या वर उचलून आपटावयाच्या. यांखेरीज सरपणाची मोळी आणि पाण्याचा हंडा हे बारमाही काम. पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि चैत्र-वैशाखात पाण्यासाठी पायपीट, हा ह्या डोंगराळ भागाचा जुना विरोधाभास सुपरिचित आहे. तालुक्याच्या पूर्वेस, प्रवरेच्या काठी, ऊस आहे. तेथे मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढणारे तोडणी-मजूर दिसतात.

ह्या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. हात खांद्याच्या वर जातो, आणि पुष्कळदा भारासह जातो. म्हणून पन्नाशी उलटलेल्या एखाद्या बाईने "हात वर जात नाही, त्या कुशीवर निजवत नाही" अशी तक्रार केली, तर तिचे कारण तिच्या श्रमांत शोधण्याचा मोह ऐकणाऱ्यास होतो. हा मोह अगदीच निराधार नाही. तथापि गेल्या काही दशकांतील संशोधनाने श्रम, फाट आणि दुखणे ह्या तिहींचा संबंध वाटतो तितका सरळ नसल्याचे दाखवून दिले आहे. तो कोठे तुटतो आणि त्यामुळे उपचाराचा व संशोधनाचा प्रश्न कसा बिकट होतो, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम शरीररचनेकडे वळावे लागेल. खांद्याचा सांधा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा होय. दंडाच्या हाडाचा गोल माथा अंसफलकाच्या उथळ बशीवर टेकलेला असतो. वाटीत बसलेल्या मांडीच्या हाडाशी तुलना केल्यास ही बैठक किती अस्थिर आहे हे ध्यानात येते. ही अस्थिरता भरून काढण्याचे काम अंसफलकापासून निघून दंडाच्या माथ्याभोवती चिकटणारे चार स्नायू करतात : वरून सुप्रास्पायनेटस, मागून इन्फ्रास्पायनेटस व टेरेस मायनर, आणि पुढून सबस्कॅप्युलॅरिस. त्यांच्या कंडरा एकमेकींत मिसळून माथ्यावर टोपडे घातल्यासारखे एक वेष्टन बनते. ह्यालाच वैद्यकात रोटेटर कफ म्हणतात. हात उचलण्याचे बळ मुख्यतः बाहेरचा डेल्टॉइड स्नायू पुरवितो. परंतु तो एकटा असता तर त्याने दंडाचा माथा वर ओढून अंसकूटाच्या हाडी छपरावर आदळला असता. वेष्टनाचे स्नायू माथ्याला बशीत दाबून धरतात, म्हणून हात फिरतो. फाट बहुधा सुप्रास्पायनेटसच्या कंडरेस, ती हाडास जेथे चिकटते त्याच्या आसपास, प्रथम पडते.

खांदा दुखतो म्हणजे कंडरा फाटली असे मात्र नव्हे. गोठलेल्या खांद्यात सांध्याचे आवरण आकसते, आणि तेथे दुसऱ्याने हात धरून उचलला तरी तो वर जात नाही. कंडरेच्या फाटीत रोग्यास स्वतः हात उचलणे जड जाते, पण दुसऱ्याच्या हाताने तो बराच वर नेता येतो. मानेच्या मणक्यांतून निघणाऱ्या मज्जातंतूंवरील दाबाने होणारी वेदना कोपराच्याही खाली उतरते. ही साधी तपासणी गावातल्या ओटीवरही करता येते, आणि पुढील सर्व खटाटोपाची दिशा तिच्यावर अवलंबून असते. आयुर्वेदात अंसप्रदेशातील वातविकारांत 'अवबाहुक' नावाचा विकार सांगितला आहे. हाताची हालचाल हरपणे हे त्याचे लक्षण पाहता त्याचे साम्य गोठलेल्या खांद्याशी अधिक दिसते. फाटलेल्या कंडरेचे वर्णन त्यात शोधणे म्हणजे जुन्या शब्दावर नवा अर्थ लादणे होईल.

फाटीची पहिली व्यवस्थित नोंद इंग्लंडात १८३४ साली जे. जी. स्मिथ याने सात खांद्यांच्या वर्णनासह केली. परंतु विषयास खरी चालना बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी दिली. १९०९ मध्ये त्यांनी फाटलेली कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया केली, १९११ मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि १९३४ मध्ये खांद्यावरील आपला ग्रंथ सिद्ध केला. ह्या माणसाची आणखी एक गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रोग्याची वर्षभराने पुन्हा गाठ घेऊन त्याचे अखेर काय झाले हे लिहून ठेवावे व उघड करावे, असा त्यांचा आग्रह होता. तो त्यांच्या सहव्यवसायिकांस मानवला नाही, आणि १९१४ मध्ये त्यांनी आपल्या रुग्णालयातील जागेचा राजीनामा दिला.

फाट का पडते, ह्या प्रश्नाला दोन उत्तरे दीर्घकाळ समोरासमोर उभी आहेत. पहिले उत्तर बाहेरच्या घर्षणाचे. हात वर नेताना कंडरा अंसकूटाच्या छपराखाली घासते, झिजते आणि अखेर फाटते. अमेरिकेतील चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये ही उपपत्ती मांडली, आणि छपराचा खालचा भाग तासून जागा करण्याची शस्त्रक्रिया त्यांच्या नावाने रूढ झाली. १९८६ मध्ये बिग्लियानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंसकूटाचे सपाट, वक्र व आकडीदार असे तीन प्रकार वर्णिले, तेव्हा ह्या उपपत्तीस जणू चित्ररूप पुरावा मिळाला. दुसरे उत्तर आतल्या जीर्णतेचे. कॉडमन यांनीच हाडाजवळच्या कंडरेच्या पट्ट्यास 'संकटप्रवण प्रदेश' मानले होते. वयाबरोबर येथील तंतूंची बांधणी विस्कटते, बळकट कोलॅजेनची जागा दुबळ्या प्रकाराचे कोलॅजेन घेते, आणि अनेक फाटी छपराकडच्या बाजूस नव्हे, तर सांध्याकडच्या बाजूस आरंभ पावतात. घर्षण हेच मूळ असते तर ही शेवटची गोष्ट समजणे कठीण आहे.

अलीकडच्या पुराव्याचे पारडे दुसऱ्या उत्तराकडे झुकते. यामागुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले की, एका खांद्यात दुखरी संपूर्ण फाट असलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांच्या दुसऱ्या, न दुखणाऱ्या खांद्यातही संपूर्ण फाट आढळते. ज्यांचे दोन्ही खांदे शाबूत होते त्यांचे सरासरी वय ४९ च्या आत, एक फाटलेल्यांचे ५९ च्या आत, आणि दोन्ही फाटलेल्यांचे ६८ च्या आत होते. दहा-दहा वर्षांच्या ह्या पायऱ्या लक्षणीय आहेत. ऑक्सफर्ड येथील २००४ च्या अभ्यासात फाट असलेल्या रोग्यांच्या सख्ख्या भावंडांत फाटीची शक्यता दुपटीहून अधिक दिसली. म्हणजे आनुवंशिकतेचाही भाग आहे. धूम्रपान व मधुमेह यांचाही संबंध दिसून आला आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण स्त्रियांत विडी क्वचित, पण मिश्री सर्रास. तंबाखूच्या धुराविषयीचे निष्कर्ष दातांस लावलेल्या तंबाखूस लागू करता येणार नाहीत, आणि हा प्रश्न परदेशी अभ्यासांतून सुटणाराही नाही.

मग श्रमांचे काय? येथे जपानातील एका खेड्याचा दाखला सर्वांत मोलाचा आहे. मिनागावा व सहकाऱ्यांनी रुग्णालयात येणाऱ्यांची वाट न पाहता ध्वनिलहरींचे यंत्र घेऊन खेडे गाठले आणि ६६४ रहिवाशांचे खांदे तपासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या पाहणीत २२.१ टक्के लोकांत संपूर्ण फाट आढळली. पन्नाशीच्या आतील कोणातही ती नव्हती. पन्नाशीतील लोकांत १०.७, साठीतील लोकांत १५.२, सत्तरीतील लोकांत २६.५ आणि ऐंशीतील लोकांत ३६.६ टक्के असा तिचा चढता क्रम होता. सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, फाट असलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांस काहीच त्रास नव्हता. त्यापूर्वी, २०१० मध्ये, यामामोटो व सहकाऱ्यांच्या अशाच पाहणीत ६८३ लोकांच्या खांद्यांपैकी २०.७ टक्क्यांत फाट दिसली होती, आणि वय, पूर्वी झालेली इजा व नेहमीच्या वापराचा हात यांच्याशी तिचा संबंध जुळला होता. नेहमीच्या हाताचा संबंध जुळतो, त्याअर्थी वापराचा काही वाटा असलाच पाहिजे. तो एकट्याने पुरेसा नाही, एवढेच.

दोन तृतीयांश लोकांस फाटूनही दुखत नाही, हे कसे? बर्खार्ट यांनी १९९० च्या दशकात ह्याचे यांत्रिक स्पष्टीकरण दिले. कंडरांच्या वेष्टनात एक जाड, कमानदार पट्टी असते. झुलत्या पुलाच्या लोहदोरासारखी ती ताण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहून नेते. तिच्या आतल्या पातळ भागात भोक पडले तरी दोर शाबूत असेल तोवर पूल उभा राहतो. यावरून हात का उचलला जातो हे कळते. दुखणे का येते आणि का येत नाही, हे मात्र त्यातून पुरते उलगडत नाही. अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या २०१४ च्या एका संयुक्त पाहणीत फाटीचा आकार व वेदनेची तीव्रता यांत संबंध आढळला नाही. वेदनेच्या मुळाशी सांध्याभोवतालच्या पिशवीचा दाह, झोपेचा अभाव, मनःस्थिती, कामाचा धाक अशा कितीतरी गोष्टी असू शकतात. चित्रात दिसलेली फाट ही रोग्याच्या दुःखाचे कारण असेलच असे नाही, ही जाणीव ह्या विषयातील सर्वांत कष्टाने मिळविलेली जाणीव आहे.

उपचारांचा विचार ह्याच जाणिवेतून करावा लागतो. तरुण वा मध्यम वयाच्या माणसाचा खांदा झाडावरून पडून किंवा झटका बसून एकाएकी लुळा झाला, तर त्याची फाट लवकर शिवावी, याविषयी फारसा मतभेद नाही. कंडरा मागे सरकत जाते, स्नायूत चरबी भरते, आणि मग शिवावयास धड कापडच उरत नाही. १९९४ मध्ये गुतालिए यांनी ह्या चरबीची जी प्रतवारी दिली ती आजही शस्त्रक्रियेपूर्वी पाहिली जाते. परंतु बहुसंख्य फाटी हळूहळू, वयाबरोबर पडलेल्या असतात, आणि खरा वाद त्यांच्याविषयी आहे.

फिनलंडमध्ये कुक्कोनेन व सहकाऱ्यांनी अशा १८० खांद्यांची तीन गटांत वाटणी केली. एका गटास केवळ व्यायाम, दुसऱ्यास व्यायामासह छपराचे हाड तासणे, तिसऱ्यास त्यासह कंडरा शिवणे. वर्षभरानंतर (अहवाल २०१४) तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. अमेरिकेत कून व सहकाऱ्यांनी ४५२ रोग्यांस ठरावीक व्यायाम दिले. २०१३ च्या त्यांच्या अहवालानुसार दोन वर्षांत चतुर्थांशाहून कमी लोकांनी शस्त्रक्रिया पत्करली. दुसऱ्या बाजूने नॉर्वेतील मूसमायर यांच्या १०३ रोग्यांच्या अभ्यासात शिवलेल्यांची स्थिती पाच वर्षांनी थोडी सरस, आणि दहा वर्षांनी अधिक सरस दिसली. न शिवलेल्या काही फाटी त्या काळात रुंदावल्या होत्या. म्हणजे वर्षाचा हिशेब एक सांगतो आणि दशकाचा दुसरा. छपराचे हाड तासण्याविषयी मात्र २०१८ साली पुष्कळसा उलगडा झाला. इंग्लंड व फिनलंड येथील दोन स्वतंत्र प्रयोगांत, ज्यांची कंडरा संपूर्ण फाटलेली नव्हती अशा दुखऱ्या खांद्यांच्या एका गटावर खरी शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्या गटात केवळ दुर्बीण आत घालून बाहेर काढली. रोग्यास जाणवेल असा फरक दोहोंत पडला नाही. नीअर यांच्या उपपत्तीवर उभारलेली, जगभर लक्षावधी वेळा झालेली क्रिया अशा रीतीने संशयास पात्र ठरली. २०२२ मध्ये, न शिवता येणाऱ्या फाटींत माथा व छपर यांच्यामध्ये फुगा बसविण्याच्या नव्या उपायाचीही इंग्लंडात अशीच निराशाजनक परीक्षा झाली. सांधाच जीर्ण झालेल्या वृद्धांसाठी, फ्रान्सचे पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास योजलेला 'उलटा' कृत्रिम सांधा, ज्यात गोल वर आणि वाटी खाली असते, हा खरोखर उपयुक्त शोध ठरला आहे.

शिवलेली कंडरा टिकते का? इंग्लंडमधील २०१७ च्या मोठ्या अभ्यासात सुमारे चाळीस टक्के खांद्यांत ती भरून आलेली नव्हती किंवा पुन्हा फाटली होती, मग शस्त्रक्रिया खुली असो वा दुर्बिणीची. २००४ मध्ये गॅलट्झ यांनी मोठ्या फाटींच्या १८ रोग्यांपैकी १७ जणांत पुन्हा फाट दाखविली, आणि तरीही त्यांपैकी बहुतेकांस आराम होता! कारण निसर्गतः कंडरा हाडात शिरताना कंडरा, कूर्चा, चुनखडीयुक्त कूर्चा आणि हाड अशा चार थरांतून जाते. टाक्यांनंतर तेथे हे थर पुन्हा बनत नाहीत. व्रणासारखी ओबडधोबड सांधणी तेवढी होते.

आता अकोल्याच्या डोंगरी भागातील बाईची स्थिती लक्षात घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे हात झोळीत, आणि अवजड काम चार-सहा महिने वर्ज्य. म्हणजे एक संपूर्ण हंगाम गेला. राब नाही, आवणी नाही, किंवा झोडणी नाही. ज्यांच्या घरी दिवसाची मजुरी जुन्नर-नारायणगावाकडे जाऊन मिळवावी लागते, तेथे हा तोटा रुग्णालयाच्या खर्चापेक्षा मोठा असतो. शासकीय योजनेने तो खर्च भरला तरी हंगाम कोणी भरून देत नाही. उलट, बहुतेकींच्या वाट्यास येतो तो तेलाचा मालीश, शेक, आणि खांद्यात पुनःपुन्हा घेतलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन. एखादे इंजेक्शन काही आठवडे आराम देते हे खरे. पण ते वारंवार घेतल्याने कंडराच दुबळी होते, आणि आराम वाटल्याने भारा पुन्हा डोक्यावर येतो. व्यायामाचा उपाय ह्या परिस्थितीत सर्वांत स्वस्त असून सर्वांत दुर्लक्षित आहे. कॉडमन यांचा प्रसिद्ध लोलक-व्यायाम म्हणजे कमरेत वाकून हात सैल सोडणे व हलकेच झुलविणे. आवणी करणाऱ्या बाईस ती स्थिती समजावून सांगण्यास एकही परका शब्द लागत नाही. परंतु बारा आठवडे नियमित व्यायाम, आणि त्यांत कोणीतरी चार वेळा पाहावयास येणे, ही गोष्ट तालुक्याच्या ठिकाणाहून तीस-चाळीस किलोमीटर दूर असलेल्या वाडीवर सोपी नव्हे.

संशोधनाच्या अडचणी येथून पुढे सुरू होतात. प्रयोगशाळेची अडचण सर्वज्ञात आहे. उंदराच्या खांद्यात कंडरा हाडाच्या कमानीखालून जाते म्हणून तो प्राणी निवडला जातो, पण त्याची फाटलेली कंडरा माणसापेक्षा फार सहज भरून येते. परिणामी उंदरावर यशस्वी ठरलेले उपाय माणसावर फसतात. क्षेत्रपाहणीची अडचण निराळी आहे. जपानी पद्धतीने यंत्र घेऊन गावोगाव जाणे भारतात सहज शक्य नाही. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली ध्वनिलहरींचे प्रत्येक यंत्र नोंदलेले असावे लागते, आणि नियमांतील २०१२ च्या दुरुस्तीनंतर सुवाह्य यंत्र नोंदणीकृत जागेत दाखल असलेल्या रोग्यांसाठी किंवा इतर आरोग्यसेवांसह चालणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. मुलींच्या जन्माचे रक्षण करणारा हा निर्बंध महाराष्ट्रात किती आवश्यक आहे, हे सांगावयास नको. तो शिथिल करावा असे कोणी सुचवू नये. पण त्यामुळे प्रौढ बाईच्या खांद्याची पाहणी करणाऱ्यास फिरत्या पथकाची व समुचित प्राधिकाऱ्याच्या परवानगीची व्यवस्था आधी करावी लागते. अन्यथा रोगी यंत्रापाशी आणावा लागतो. मग येतात ते केवळ दुखणारे खांदे, आणि ज्या दोन तृतीयांशांनी जपानात सर्व समजूत बदलली ते घरीच राहतात.

वयाचीही अडचण आहे, आणि ह्या विकारात वय हेच सर्वांत प्रबळ कारण असल्यामुळे ती किरकोळ मानता येत नाही. वृद्ध स्त्रियांच्या ओळखपत्रावरील जन्मवर्ष पुष्कळदा अंदाजाचे असते. येथे जुन्या जनगणना-अधिकाऱ्यांची रीत उपयोगी पडेल : १९६७ च्या डिसेंबरातील कोयनेच्या भूकंपाच्या वेळी, किंवा १९७२ च्या दुष्काळात, ती किती मोठी होती? खडी फोडावयास जात होती की कडेवर होती? श्रमांची मोजणी त्याहून अवघड. 'अवजड काम : होय / नाही' अशा रकान्यात राब, झोडणी, हंडा आणि मोळी हे सर्व एकाच 'होय'मध्ये बुडून जातात. वास्तविक चुंबळीवरील हंडा मान व मणके दाबतो, पण तो धरून ठेवणारा हात खांद्याच्या वर ताटकळतो. कोयता चालविणाऱ्या हातावर भार थोडा, पण झटके शेकडो. कंडरेच्या दृष्टीने ही दोन भिन्न कामे होत.

परिणाम मोजण्याच्या प्रश्नावल्यांविषयीही तेच म्हणावे लागेल. १९८७ ची कॉन्स्टंट-मर्ली गुणपद्धती शंभर गुणांपैकी पासष्ट हालचाल व बळ यांस देते आणि पस्तीस वेदना व दैनंदिन व्यवहारांस. हात, खांदा व दंड यांच्या अक्षमतेची सर्वत्र वापरली जाणारी एक प्रश्नावली जोर लागणाऱ्या करमणुकीचे उदाहरण म्हणून गोल्फ आणि टेनिस यांचा उल्लेख करते. तिचे मराठीत शब्दशः भाषांतर करून राजूरच्या बाजारात आलेल्या बाईपुढे ठेवणे हा विनोद ठरेल. त्याऐवजी तिला विचारावयास हवे : अंबाडा घालता येतो का? भरलेला हंडा स्वतः डोक्यावर घेता येतो, की दुसरीने उचलून द्यावा लागतो? तो उतरविता येतो का? मडक्यावरील उतरंडीतले वरचे मडके काढता येते का? रात्री कोणत्या कुशीवर निजता? असे प्रश्न सुचणे सोपे आहे. ते निरनिराळ्या वेळी विचारले असता तेच उत्तर येते काय, आणि उपचाराने बदलते काय, हे तपासण्यास मात्र एका पदव्युत्तर प्रबंधाइतके श्रम पडतील, आणि ते श्रम सार्थकी लागतील.

राहिली कॉडमन यांची वर्षभरानंतरची गाठ. रोजगारासाठी वर्षातून काही महिने गाव सोडणाऱ्या लोकांत ती घेणे म्हणजे त्यांचे पंचांग पाठ असणे. शस्त्रक्रियेपासून बरोबर बारा महिने मोजून पाठविलेले पत्र बंद दारावर जाऊन थडकते. तपासणीची तारीख रुग्णालयाच्या दिनदर्शिकेवरून न ठरविता भाताच्या कामावरून ठरवावी लागेल. झोडणी उरकून दाणे घरात आले आहेत आणि मजुरीसाठी बाहेर पडावयास अजून काही दिवस आहेत, असा दिवाळीनंतरचा एक लहानसा अवधी असतो. तेव्हा बाई घरी असते, आणि त्या वर्षी पेंढ्या तिने झोडल्या की सुनेने, हेही तेव्हाच विचारून घेता येते.